न सांगितलेला गेंडा

ग्वांडू बायनितला कुणी नुसता ड्रायव्हर म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "गाडी काय, कांदे नेणारा ट्रकवालाही चालवतो," असं तो ताडकन ऐकवायचा. आणि ते खोटंही नव्हतं. सव्वीस वर्षं अरुशाच्या एका कंपनीचे पाहुणे त्यानं रानात फिरवले, कधी सहा दिवस, कधी आठ. फांदीवरून लोंबणारी बिबट्याची शेपटी त्याला दोनशे पावलांवरून दिसायची. बायकोनं डोक्याचे केस बारीक कापलेत हे मात्र दुसऱ्या दिवशी कळायचं. हे पास्कालिना स्वतःच सगळ्या गावाला सांगत फिरते, यात पदरचं काही नाही.

घर त्याचं आमच्या रोतियात, अगदी डांबरी रस्त्याला लागून. हा रस्ता अरुशाहून येतो, आमच्या लाल टेकड्या चढतो, करातू ओलांडून न्गोरोंगोरोच्या फाटकात शिरतो आणि पलीकडे सेरेंगेटीच्या माळावर उतरतो. म्हणजे दर फेरीला ग्वांडू स्वतःच्या दारावरून दोनदा जाणार आणि एकदाही थांबणार नाही. कंपनीचा नियमच होता तसा. गाडीत पाहुणे असताना वाट सोडायची नाही, घरगुती कामं करायची नाहीत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर एक फेरी संपते न संपते तोच अरुशात दुसरे पाहुणे बॅगा घेऊन उभे. एप्रिलमध्ये मोठा पाऊस लागला, रानातले रस्ते चिखलात गेले, की मग कुठं स्वारी दीड महिना घरी.

पण घरातल्या गोष्टी काही पावसाची वाट बघून घडत नाहीत. लेक ओदिलिया, म्हणजे ओदी, जन्मली ती ऑगस्टात. तेव्हा हे महाशय नदीकाठी चार इटालियनांना मगरी दाखवत होते. तिचा बाप्तिस्मा सप्टेंबरात झाला. झाडावरून पडून हात मोडला तो जुलैत. पहिलं कम्युनियन जूनच्या शेवटच्या रविवारी. प्रत्येक वेळी बापाच्या जागी उभा राहिला तो ग्वांडूचा थोरला भाऊ अम्सी. अम्सी भला माणूस, कधी बोलून दाखवलं नाही त्यानं. पण भल्या माणसाचाही कधीकधी राग येतो, आणि तो राग कुठं बोलायचीही सोय नसते.

ग्वांडू करायचा एवढंच, की घरापाशी आला की हॉर्न दोनदा वाजवायचा. ओदी तीन वर्षांची असताना शेजारणीनं तिला विचारलं, "तुझे बाबा कसे आहेत गं?" पोरगी म्हणाली, "पीं पीं." सगळं अंगण हसलं. पास्कालिनानं फोनवर हा किस्सा सांगितला तेव्हा ग्वांडूही खो खो हसला. मग बॉनेट उघडून, तेल बघायचं निमित्त करून, बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं पुढं तिथंच अडलं. घरात काही मोठं कार्य असलं, किंवा कुणी लांब निघालं की अंगणात सगळे जमतात. घरचा कर्ता पुरुष मधाच्या दारूचा भोपळा हातात घेतो आणि आशीर्वाद म्हणत जातो. एक ओळ त्यानं म्हणायची, आणि बाकी सगळ्यांनी एका आवाजात "होवो" म्हणायचं. याला आम्ही स्लुफाय म्हणतो. चर्चमध्ये पाद्रीबाबा आशीर्वाद देतातच, तो वेगळा. हा घरचा. आणि सुरू करण्याआधी विचारायचं, की या अंगणात कुणाच्या मनात कुणाबद्दल राग आहे का, कुणी कुणाचं वाईट केलंय का. असेल तर आत्ता बोला, मिटवा. मनात लपवाछपवी ठेवून आशीर्वाद म्हटला, तर तो जाणाऱ्याच्या अंगावर उलटा बसतो. शहरात शिकून आलेली पोरं याला हसतात, आणि स्वतः निघायच्या दिवशी मुकाट खाली मान घालून उभी राहतात.

ओदीसाठीचा असा एकही आशीर्वाद आजवर ग्वांडूच्या तोंडून झाला नव्हता. तो म्हणणार कधी, असेल तेव्हा ना!

ओदी एकोणीस वर्षांची झाली आणि तिनं मठात जायचं ठरवलं. तबोऱ्याकडच्या सिस्टरांच्या मठात. ठरवलं म्हणजे ठरवलं. आईनं रडून पाहिलं, काकानं समजावून पाहिलं. बापाला फोनवर कळलं, त्यामुळे बापाला रडताही आलं नाही आणि समजावताही. पहिली तीन वर्षं घरी यायचं नाही. पुढं वर्षातून एकदा, तेही परवानगी मिळाली तर.

"शनिवारी दुपारी दोनला सिस्टरची गाडी आपल्या चर्चपाशी येणार," पास्कालिना फोनवर म्हणाली. "त्यांना उजेडात बाबाटी गाठायचीय. त्या बाई कुणासाठी दोन मिनिटं थांबणाऱ्यातल्या नाहीत."

"शनिवारी माझ्या फेरीचा सहावा दिवस. न्गोरोंगोरोच्या खड्ड्यातून बाराच्या आत वर येतो. एकला घरी."

"ओदीचे बाबा, तुमचा एक म्हणजे तीन."

"या वेळी नाही."

"अम्सीदादांना सांगून ठेवू का? म्हणजे आपलं, वेळ आली तर."

"नको." ग्वांडूचा आवाज चढला. "या वेळी मी म्हणणार आशीर्वाद. दादाला सांग, भोपळा माझ्या हातात द्यायचा. सांग त्याला."

कंपनीच्या मालकीणबाईंनी कुरकुरत एक तास दिला. अट एकच, पाहुण्याची हरकत नसावी.

पाहुणा या खेपेला एकटाच होता. तादेउश नावाचा, एकाहत्तर वर्षांचा, पोलंडातला. चाळीस वर्षं त्यानं ट्राम चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर सहा वर्षं काटकसर करून तो इथं आला होता. अंगानं वाळकुडा, कान मोठे, आणि ग्वांडूच्या प्रत्येक गिअरकडे बारीक लक्ष. "क्लच जरा लवकर सोडतोस," असं त्यानं पहिल्याच तासात सांगितलं. ग्वांडूनं मनात म्हटलं, सहा दिवस! देवा, सहा दिवस हा माझ्या कानाशी!

तारांगिरेच्या रानाच्या फाटकावर गाडी थांबवून ग्वांडूनं आपलं नेहमीचं भाषण ठोकलं. हे तो सगळ्यांना ऐकवायचा.

"आजोबा, आधी ऐकून घ्या, मागाहून तक्रार नको. आज तुम्ही प्रत्येक झेब्र्यापाशी गाडी थांबवायला लावाल. परवा झेब्रा दिसला की तोंड फिरवाल. पहाटे पाचला उठायचं, घोटभर चहा, की निघालो. दुपारच्या डब्यात कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं आणि केळं. सहाही दिवस तंगडीच. या देशातल्या कोंबडीला चार पाय असतात की काय, असं वाटायला लागेल. धूळ दातांत जाईल. हा निळा शर्ट आत ठेवा, निळ्या रंगावर त्सेत्से माशी धावते आणि ती चावली की आई आठवते. झुडपामागं जायचं असेल तर आधी मी बघून येणार, मग तुम्ही. तंबूबाहेर कुणी हसलं तर तो तरस असतो, ओ द्यायची नाही. चौथ्या दिवशी तुमची कंबर बोलायला लागेल आणि तुम्ही बोलायचे थांबाल. पाचव्या दिवशी सगळ्यांना घर आठवतं."

"आणि तुला?" तादेउशनं विचारलं.

"मला पहिल्याच दिवशी," ग्वांडू म्हणाला आणि गाडी सुरू केली. मग आठवून म्हणाला, "हां, आणि अमुक जनावर दिसेलच असं वचन मी देत नाही. रान आहे, दुकान नाही."

"मला एकच बघायचंय. गेंडा."

"सगळ्यांना सिंह हवा असतो."

"सिंह बघेन की. पण माझी ट्राम जिथं संपायची ना, तिथं प्राणिसंग्रहालय होतं. शेवटचा थांबा. पोरं उतरायची ती ओरडतच, गेंडा, गेंडा! परत यायची ती गेंड्याच्याच गप्पा मारत. चाळीस वर्षं. आणि मला त्या थांब्यावर सात मिनिटं असायची. सात मिनिटांत चहा पिऊन होतो, गेंडा बघून होत नाही."

"सुट्टीच्या दिवशी जायचं होतं."

"सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथंच कोण जाईल?" म्हातारा म्हणाला. "मग ठरवलं, पिंजऱ्यातला नको. चालता-फिरता बघू."

ग्वांडूला तो त्या क्षणी आवडला. दुसऱ्यांना दारापर्यंत पोचवायचं आणि आपण बाहेर थांबायचं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी रोतियात शिरली. ग्वांडूनं हॉर्न दोनदा वाजवला. ओदी घरासमोरच्या शेतात उभी होती, घेवड्याच्या वेलांत, आईचा जुना कांगा, म्हणजे रंगीत कापड, कमरेला गुंडाळून. तिनं हात वर केला, पण हलवला नाही. गाडी निघून गेली.

"कोण ती?" तादेउश मागं वळून बघत राहिला.

"माझी मुलगी."

"अरे मग थांब ना!"

"आजोबा, फाटकावर वेळेची चिठ्ठी असते. आपण आत कधी जायचं, बाहेर कधी यायचं, सगळं त्या चिठ्ठीवर."

"वेळापत्रक मला नको शिकवूस," म्हातारा पुटपुटला.

मग सेरेंगेटीतले दोन दिवस. भाषणात सांगितलेलं सगळं तसंच होत गेलं. तादेउशनं धूळ खाल्ली, माशीचा चावा खाल्ला, चिकाटीनं तंगड्या खाल्ल्या. सिंहीण गाडीच्या सावलीत येऊन झोपली तेव्हा श्वास रोखून बसला. ड्रायव्हर लोक एकमेकांना रेडिओवर स्वाहिलीत बातम्या देतात, त्या तो कान देऊन ऐकायचा, पण त्याला काय कळणार! सिंहाला आमचे लोक 'मिशीवाला' म्हणतात, बिबट्याला 'ठिपके'. पाहुण्यांना आधीच कळू नये म्हणून. कळलं की आशा लावून बसतात, आणि तिथं पोचेपर्यंत जनावर गेलेलं असलं की ड्रायव्हरला शिव्या. गेंड्याची दृष्टी अधू, म्हणून त्याचं नाव 'बिनचष्म्याचा'.

चौथ्या दिवशी दुपारी बाभळीखाली डबा उघडताना ग्वांडूनं विषय काढला. लेक मठात चाललीय, शनिवारी दोनला. वाटेत तासभर घरी थांबलो तर चालेल का?

"चालेल का काय विचारतोस! मला बोलावतोयस ना? मी येणार," तादेउश म्हणाला. मग डोळे मिचकावून म्हणाला, "पण आधी गेंडा दाखव."

ग्वांडूला एवढा आनंद झाला होता की तो बोलून गेला, "दाखवतो, आजोबा. खड्ड्यात नक्की दाखवतो."

सव्वीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून कधी गेला नव्हता. बोलला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली.

पाचव्या दिवशी त्यांनी खड्ड्याच्या काठावर तंबू ठोकले. थंडीनं म्हाताऱ्यानं सगळे कपडे एकावर एक चढवले. ग्वांडूला झोप लागली नाही. आडवा पडून तो आशीर्वादाच्या ओळी पाठ करत होता. बापाकडून ऐकलेल्या, लहानपणी. मधली एक ओळ काही केल्या आठवेना. अम्सीला फोन करून विचारावी असं वाटलं, पण मन धजेना. ही एक गोष्ट तरी त्याला अम्सीकडून उसनी घ्यायची नव्हती.

शनिवारी सकाळी साडेसहाला गाडी खड्ड्यात उतरली. न्गोरोंगोरोचा हा खड्डा म्हणजे डोंगरांनी चारी बाजूंनी वेढलेला माळ, आणि आत जनावरंच जनावरं. रानरेडे दिसले, हत्ती दिसले, तळ्यात गुलाबी फ्लेमिंगो दिसले. तादेउश प्रत्येकाला "छान, छान" म्हणायचा आणि लगेच दुर्बीण पलीकडं फिरवायचा. आठ वाजले, नऊ, दहा. गेंडा नाही. ग्वांडूनं ओळखीच्या सगळ्या जागा पालथ्या घातल्या. अकराला तो लेराईच्या झाडीपाशी आला. वर जायचा रस्ता इथूनच निघतो.

"गेंडा नाही म्हणतोय," तादेउश हळूच म्हणाला. दुर्बीण त्यानं मांडीवर ठेवली. "असू दे. आपण बघितलं ना शोधून."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. किवेलूचा आवाज. किवेलू त्याच कंपनीचा, बडबड्या. "ग्वांडू, ए ग्वांडू, कुठं आहेस भावा? बिनचष्म्याचा बाहेर पडलाय, पूर्वेच्या झऱ्यांकडं. एकटाच आहे. हळूहळू रस्त्याकडं चाललाय. ये लवकर, आरामात दिसेल."

पूर्वेचे झरे म्हणजे खड्ड्याच्या थेट दुसऱ्या टोकाला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि गेंडा रस्त्याजवळ येईपर्यंत थांबायचं ते वेगळं. मग चढण, फाटक, करातू. घरी पोचेपर्यंत तीन. आणि एकदा वर गेलं की पुन्हा खाली उतरता येत नाही, चिठ्ठी संपते. म्हाताऱ्याचं विमान दुसऱ्या दिवशी.

"काय म्हणतोय?" तादेउशनं विचारलं.

आता म्हाताऱ्याला सरळ सांगायचं होतं, नाही का? आजोबा, असं असं आहे, तुम्ही ठरवा. पण ग्वांडूची छाती होईना. म्हातारा गेंड्याकडं चल म्हणाला, तर ओदी गेली. आणि घरी चल म्हणाला, तर त्याच्या चेहऱ्याकडं बघत गाडी चालवायची कशी? त्याला लेक हवी होती. एक तास, एकदाच, पीं पीं सोडून दुसरं काहीतरी होऊन तिच्यासमोर उभं राहायचं होतं. बाकी सगळं त्या क्षणी त्याला नकोसं झालं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "पुढच्या गाडीचं चाक रुतलंय म्हणे." आणि त्यानं गाडी चढणीला घातली. किवेलू पुन्हा हाका मारायला लागला तेव्हा त्यानं रेडिओचा आवाज बंद केला.

वर पोचल्यावर तादेउशनं एकदा गाडी थांबवायला सांगितली. काठावर उभा राहून त्यानं खाली बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "चल," म्हणाला. "तुझी पोर वाट बघत असेल."

एकला दहा कमी असताना गाडी अंगणात शिरली. पास्कालिना दारातून बघतच राहिली. "अगं बाई! खरंच आले!" ओदी पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट घालून उभी होती. केस अगदी बारीक कापलेले. ग्वांडूला ते लगेच दिसलं. तिला जवळ घ्यावं की नाही हे त्याला कळेना, कारण एवढ्या मोठ्या झालेल्या मुलीला जवळ त्यानं कधी घेतलंच नव्हतं. शेवटी तिनंच पुढं होऊन त्याच्या शर्टावरची धूळ झटकली.

तादेउशला सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवलं. दुधाचा चहा दिला, तळलेली गोड मंदाझी दिली. शेजारपाजारचे वीस-पंचवीस जण बाकांवर बसले होते. म्हातारा खुशीत होता. तंगडी सोडून काहीतरी खायला मिळालं, असं तो खाणाखुणांनी पास्कालिनाला सांगत होता आणि ती त्याला तिसरी मंदाझी वाढत होती.

अम्सीनं भोपळा आणला. "हे घे ग्वांडू, तुझं आहे. आज माझी सुटका," म्हणाला, आणि मनापासून हसला. मग थोरला म्हणून त्यानंच विचारलं, "या अंगणात कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का? असेल तर आत्ता सांगा."

पलीकडच्या म्हातारीनं सांगितलं, पास्कालिनाच्या बकरीनं माझा मका खाल्लाय, आणि मी मनातल्या मनात तिला फार शिव्या घातल्यात, पास्कालिनाला, बकरीला नाही. सगळे हसले, पास्कालिनानं माफी मागितली, मिटलं. अम्सीनं ग्वांडूकडं बघितलं. सुरू कर.

ग्वांडू भोपळा धरून उभा. तोंड उघडलं, पण पहिली ओळ बाहेर येईना. ओदी समोर मान खाली घालून उभी होती. तिच्या मानेवरचा लहानपणीचा जखमेचा व्रण त्याला दिसला, आणि हे कधी लागलं हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, असं त्याच्या मनात आलं. या मानेवर आपण खोट्या तोंडाचा शब्द घालणार?

"दादा," तो म्हणाला, "माझ्याकडून एक झालंय. मी या पाहुण्याला फसवलंय."

आणि त्यानं सांगून टाकलं.

"मला सांगून काय उपयोग?" अम्सी म्हणाला. "ज्याचं आहे त्याला सांग."

ग्वांडू तादेउशसमोर गेला. इंग्रजीत सांगितलं. चाक रुतलं नव्हतं. गेंडा होता. रस्त्याकडं चालत येत होता. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला इथं यायचं होतं.

म्हाताऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. त्याचे मोठे कान लाल झाले.

"लांब होता?"

"दुसऱ्या टोकाला. पण दिसला असता."

"दिसला असता," तादेउश म्हणाला. आणि एकदम उसळला. "मला विचारायचं होतंस! मी काय म्हणालो असतो, माहितीये? घरी चल म्हणालो असतो! चाळीस वर्षं थांबलो, तो गेंडा माझा होता. तुझ्या पोरीसाठी तो मी सोडला असता, मी! सोडायचाच होता तर तो मी सोडायचा होता. तू सोडलास. माझा गेंडा तू परस्पर सोडलास."

"चुकलो, आजोबा."

"हो, चुकलास. आणि लगेच 'असू दे' म्हणणं मला जमणार नाही. खोटं कशाला बोलू?" तो उठला आणि गाडीपाशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला.

सव्वा वाजून गेला होता. पास्कालिनानं पदरासारखा कांगा तोंडाला लावला. ग्वांडूनं भोपळ्याकडं बघितलं, ओदीकडं बघितलं, आणि भोपळा अम्सीच्या हातात दिला.

"ग्वांडू, अरे, त्या माणसाला आपल्या रीती काय माहीत," अम्सी हळू आवाजात म्हणाला. "म्हण तू. मी सांगतो, म्हण."

"नाही दादा. माझी पोर आहे, म्हणूनच नाही. तू म्हण."

तो जाऊन शेजाऱ्यांच्या बाकावर बसला, बकरीवाल्या म्हातारीच्या शेजारी. सगळ्या वर्षांचं गाठोडं छातीवर आल्यासारखं त्याला झालं होतं. इतक्या धावपळीनं आला, आणि शेवटी म्हणणार अम्सीच. रडू येत होतं ते त्यानं आवरलंही नाही.

अम्सीनं सुरू केलं. "हिची वाट सपाट होवो."

"होवो," अंगण म्हणालं.

"हिच्या पायाला काटा न लागो. परक्या घरी हिला आईच्या हातचं दूध मिळो."

"होवो."

"हिचा शब्द गोड होवो, हिची झोप गाढ होवो. ही दूर गेली तरी हिच्या नावाची चूल इथं विझू नये."

ही ती रात्रभर न आठवलेली ओळ. ग्वांडूनं ती ऐकली आणि असा "होवो" म्हटला, की शेजारची म्हातारी दचकली. पुढच्या प्रत्येक ओळीला तो तसाच म्हणत गेला, फाटक्या आवाजात, सगळ्यांच्या अर्धा क्षण मागं. चौथ्या की पाचव्या ओळीला मागून आणखी एक आवाज मिसळला, अगदी चुकीच्या सुरात. तादेउश बाकाच्या मागं येऊन उभा होता, टोपी हातात धरून. त्यानं ग्वांडूकडं बघितलं नाही.

अम्सीनं भोपळ्यातला घोट घेऊन ओदीच्या छातीवर तुषार उडवला आणि संपलं. दोनला वीस मिनिटं होती. बायका गाठोडं आणायला धावल्या. तादेउशनं ओदीचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "तुझा बाप ड्रायव्हर बरा आहे. क्लच लवकर सोडतो. बाकीचं त्याचं आणि माझं आम्ही अरुशापर्यंत बघून घेऊ."

ओदी बापापाशी आली. तो बाकावरच बसून होता. ती त्याच्यासमोर खाली मातीत बसली, पांढऱ्या ब्लाउजची पर्वा न करता.

"ओदी, मला म्हणायचं होतं गं," तो म्हणाला. "या वेळी तरी मला म्हणायचं होतं. माझ्या हातून तेवढंही झालं नाही."

"बाबा, म्हणायला काका होतेच की नेहमी," ओदी म्हणाली. "कम्युनियनच्या दिवशीही त्यांनीच म्हटलं. मी तिथं डोळे मिटून उभी होते आणि सगळे 'होवो' म्हणायचे ना, त्यात मी तुमचा आवाज शोधत होते. काकूचा कळायचा, शेजारच्या आजीचा कळायचा. तुमचा कसा असतो तेच मला माहीत नव्हतं." तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "आज ऐकला. आता तीन वर्षं मला तो ओळखू येईल."